वाट दाखविणाऱ्याचे ऋण

वडोदऱ्याच्या जुन्या कॉलेजचा भव्य घुमट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याच्या छायेत वावरणाऱ्या तरुणांची लगबगही आठवत असेल. १८८१ साली सुरू झालेले हे बडोदा कॉलेज १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामावले गेले. तेव्हापासून गुजराती, मराठी, सिंधी, मल्याळी अशा नाना घरांतील मुले येथे शिकत आली आहेत. पदवीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या या मुलांना पुढील व्यवसायाविषयी सल्ला देणे हे गेली काही वर्षे माझे काम आहे. येणारा विद्यार्थी खुर्चीच्या कडेवर बसतो, हातातील कागद सरळ करतो आणि विचारतो, “सर, मी पुढे काय करू?”

प्रश्न पाच शब्दांचा आहे. त्याचे उत्तर मात्र अनेकदा पाच जण आधीच देऊन चुकलेले असतात. वडिलांनी दिलेले असते, मामाने दिलेले असते, शेजारच्या यशस्वी मुलाच्या उदाहरणाने दिलेले असते, आणि वर्तमानपत्रातील जाहिरातीनेही दिलेले असते. मी सहावा.

या कामाचे एक शास्त्र आहे. अमेरिकेतील बोस्टन शहरात फ्रँक पार्सन्स या गृहस्थाने १९०८ साली तरुणांना व्यवसाय निवडण्यास साहाय्य करणारी एक कचेरी उघडली. त्याच्या मृत्यूनंतर १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात तीन गोष्टी सांगितल्या आहेत: माणसाने स्वतःला ओळखावे, व्यवसायांची खरी माहिती मिळवावी आणि मग या दोहोंचा मेळ विवेकाने घालावा. आजच्या कलचाचण्या आणि अभिरुचीच्या प्रश्नावल्या याच विचाराच्या वंशातील होत. त्या उपयुक्त आहेत. मीही त्या वापरतो. परंतु चाचणी अचूक असली, माहिती पुरेशी असली, तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो आणि तो शास्त्राचा नसून धर्माचा आहे. ज्या निर्णयाचे फळ मला भोगावयाचे नाही, त्या निर्णयाकडे दुसऱ्याला वळविण्याचा मला अधिकार कोणता?

हा प्रश्न मला एका मुलाने शिकविला. शहराच्या जुन्या भागातील एका लहानशा देवळाच्या पुजाऱ्याचा तो मुलगा. विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला होता. पहाटे वडिलांबरोबर पूजेला बसे. पाठांतर स्वच्छ, संस्कृतची ओढ मनापासूनची. वडिलांचीच इच्छा मात्र अशी की, आपल्या हातातील घंटा मुलाच्या हाती येऊ नये. “दक्षिणेवर घर चालत नाही, हे मी भोगले आहे, त्याने का भोगावे?” असे ते मला म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात खोटे काहीच नव्हते. मी हिशेब मांडला. घरचे उत्पन्न, मुलाचे गणितातील गुण, संगणकाच्या अभ्यासक्रमाला असलेली मागणी, पतपेढीचे कर्ज, त्याचा हप्ता. हिशेब बरोबर जुळला. मुलाने तो ऐकला, मान डोलावली आणि प्रवेश घेतला. दोन वर्षांनी त्याने तो अभ्यासक्रम सोडला. कर्ज राहिले. आज तो औषधांच्या दुकानात काम करतो आणि पहाटे वडिलांबरोबर पूजेला बसतो. त्याने मला कधी दोष दिला नाही. वडिलांनीही दिला नाही. ते हप्ते फेडीत राहिले.

मी तो कागद पुन्हा काढून पाहिला. बेरीज चुकली नव्हती. परंतु दोन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली ही की, त्या दिवशी मी तासभर वडिलांचे ऐकले होते आणि मुलाचे दहा मिनिटे. दुसरी ही की, मला स्वतःला थोडी शंका होती आणि ती मी बोलून दाखविली नव्हती. सल्ला देणाऱ्याने शंका दाखविली तर त्याचा रुबाब कमी होतो. हप्ता मात्र त्या घराने भरला. माझ्या रुबाबाचे मोल दुसऱ्याने चुकविले.

आपल्या परंपरेत मार्गदर्शनाचा सर्वांत थोर प्रसंग म्हणजे कुरुक्षेत्रावरील संवाद. तेथेही एक गोंधळलेला तरुण आहे आणि त्याचा प्रश्न, मी काय करू, हाच आहे. त्या संवादातील तीन गोष्टींकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही, असे मला वाटते. अर्जुन शिष्य म्हणून शरण आला तेव्हाच उपदेशाला खरा आरंभ झाला. त्यापूर्वी भगवंतांनी त्याला टोचले असेल, पण तत्त्व सांगितले नाही. दुसरे, अठराव्या अध्यायात सर्व सांगून झाल्यावर श्रीकृष्ण म्हणतात की, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे वाग. त्यानंतरही भगवंत शरण येण्यास सांगतात हे खरे; पण ती प्रेमाची हाक आहे, हात धरून ओढणे नव्हे. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. उपदेश संपल्यावर श्रीकृष्ण रथातून उतरून द्वारकेला निघून गेले नाहीत. लगाम त्यांच्याच हाती होते. ज्या रणात जा म्हणून सांगितले, त्या रणात बाणांच्या वर्षावात ते स्वतः पुढे बसले होते.

आम्ही सल्लागार रथावर नसतो. संध्याकाळी कचेरीला कुलूप लावून घरी जातो. म्हणूनच आमच्या सल्ल्यावर ऋण चढते.

येथे कोणी म्हणेल की, गीतेनेच स्वधर्म सांगितला आहे. मग पुजाऱ्याच्या मुलाने पुजारी व्हावे, इतके सरळ उत्तर का देऊ नये? आमच्या गोमंतकीय वाचकांना या उत्तरातील अडचण अधिक चांगली ठाऊक आहे. गोव्याच्या देवळांत पूजा, वाद्ये, गायन, दिवाबत्ती या सेवा घराण्यांकडे जन्माने चालत आल्या. त्यांतील काहींबरोबर मान आला आणि काहींबरोबर अवहेलना. कलावंत घराण्यातील मुलीला, तुला काय करावयाचे आहे, असे कोणी विचारले नव्हते. त्याच परंपरेतून केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिका निर्माण झाल्या. गाणे त्यांना घराने दिले. प्रतिष्ठा मात्र त्यांनी स्वतःच्या तपश्चर्येने मिळविली. म्हणजे जन्माने काहीच मिळत नाही असे नाही, आणि जन्माने मिळालेले सर्वच स्वधर्म असते असेही नाही. जे न विचारता लादले जाते त्याला भार म्हणता येईल. धर्म म्हणावयाचा तर त्यात कर्त्याची संमती हवी.

मग केवळ आवडीलाच स्वधर्म म्हणावे काय? आजकाल तसे म्हणण्याची प्रथा आहे आणि त्यासाठी थोरांची उदाहरणे हाताशी असतात. आमच्या वडोदऱ्यात तर ती विपुल आहेत. विनायक नरहर भावे हा येथील विद्यार्थी. त्याने घरच्या चुलीत आपली प्रमाणपत्रे जाळली आणि मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला तो मुलगा सुरतेला उतरून काशीला गेला. पुढे सारा देश त्याला विनोबा म्हणून ओळखू लागला. दादासाहेब फाळके येथील कलाभवनात शिकले. छायाचित्रण, छपाई असे एकामागून एक उद्योग करीत, आणि त्यांत खोटही खात, १९१३ साली वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणला. अरविंद घोष १८९३ मध्ये संस्थानच्या नोकरीत आले, निरनिराळ्या खात्यांतून अध्यापनाकडे वळले, आणि १९०६ मध्ये ही स्थिर नोकरी सोडून कमी वेतनावर कलकत्त्याच्या राष्ट्रीय महाविद्यालयात गेले.

ही उदाहरणे सांगताना आमचा आवाज चढतो. पण थोडे थांबून विचार केला पाहिजे. सुरतेला उतरून वाट चुकलेली जी मुले असतील, त्यांची चरित्रे कोणी लिहिलेली नाहीत. थोरांच्या धाडसाची नाणी आपल्या खिशात घेऊन दुसऱ्याच्या मुलाच्या नावावर जुगार खेळणे योग्य नव्हे. शिवाय या चरित्रांतून निघणारे खरे तात्पर्य वेगळेच आहे. विनोबांनी कोणाला विचारून गाडी बदलली नाही. फाळक्यांना आपले काम आरंभी दिसत नव्हतेच. एकेक उद्योग हाताळता हाताळता ते सापडले. स्वधर्म हा पुष्कळदा चालता चालता उमगतो. विसाव्या वर्षी कचेरीतील टेबलावर तो संपूर्ण उलगडून दाखविता येत नाही.

वडोदऱ्याची आणखी एक स्मृती सल्लागाराने विसरता कामा नये. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली भीमराव आंबेडकर या तरुणाला शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठविले. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार झाला होता. गुणाची पारख अचूक, साहाय्य उदार, योजना निर्दोष. १९१७ साली ते येथे सेवेत रुजू झाले, तेव्हा या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी आसरा घेतला. ते अस्पृश्य आहेत हे कळताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथूनही निघावयास लावले. कचेरीत शिपाई त्यांच्यापुढे कागद लांबून टाकीत. ज्या सार्वजनिक बागेत ते त्या दिवशी बसून राहिले, तेथे आज संकल्पभूमीचे स्मारक आहे. वाट दाखविणारा थोर होता, चालणारा त्याहून समर्थ होता. परंतु वाटेवरचे दार लोकांनी लावून घेतले होते. विद्यार्थ्याचे गुण मोजणाऱ्या आमच्या चाचण्यांत हे दार मोजले जात नाही. एखाद्या मुलाला, अमुक क्षेत्रात जा, असे सांगताना त्या क्षेत्राच्या उंबरठ्यावर त्याची जात, त्याची भाषा किंवा त्याची गरिबी अडविली जाईल काय, हे जो पाहत नाही, तो अर्धेच सत्य सांगतो. आणि दार बंद दिसले तर ते उघडण्यासाठी काही करणे हाही त्याच्याच कर्तव्याचा भाग आहे.

या सर्वांतून मी माझ्यापुरते काही नियम केले आहेत. मुलाशी प्रथम एकट्याने बोलावे, वडिलांशी नंतर. मत द्यावे, ते न देता, तुझे तू पाहा, म्हणणे ही सभ्यतेचे वस्त्र पांघरलेली पळवाट आहे. पण मताबरोबर त्याचे कारण द्यावे आणि शंका असेल तर तीही द्यावी. साऱ्या आयुष्याची वाट आखून देऊ नये. पुढले एक पाऊल सुचवावे, आणि शक्यतो असे की जे मागे घेता येईल, ज्यासाठी घर गहाण पडणार नाही. निर्णय त्याचा त्याला करू द्यावा. आणि निर्णय झाल्यावर त्याची वास्तपुस्त ठेवावी. रथावर बसता येत नसेल, तर निदान रथ कोठवर गेला हे विचारावयास तरी जावे.

या मासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी येत्या जूनमध्ये असाच प्रश्न उभा राहील. आपण आईबाप, काका, मामा, आजोबा, आपणही सल्लागारच. आपला सल्ला मायेपोटी दिलेला असतो, म्हणून तो अधिक जड असतो. मुलाला तो नाकारणे कठीण जाते आणि पुढे त्याचे ओझे मुलालाच वाहावे लागते. तेव्हा बोलण्यापूर्वी त्याला आधी बोलू द्यावे, एवढीच विनंती.

त्या पुजाऱ्याच्या मुलाकडे मी गेल्या वर्षी गेलो. पहाटेची पूजा आटोपून तो ओसरीवर बसला होता. संस्कृतची पदवी बाहेरून करता येईल काय, असे त्याने मला विचारले. मी काही सांगण्याच्या आधी त्याला विचारले की, ती तुला कशासाठी हवी आहे. तो बराच वेळ बोलला. दुकान उघडण्याची वेळ होईपर्यंत मी ऐकत होतो.