पाहुण्याने बोलावे काय?

माझ्या लहानपणी एका पाडव्याला आम्ही गारगोटीहून वेदगंगेपलीकडच्या एका गावी नातेवाइकांकडे गेलो होतो. त्यांनी आम्हांला न्यायला छकडा धाडला होता. फराळाच्या वेळी आम्हांला पाट, भोवती रांगोळी. आणि छकडा हाकणाऱ्या गड्याला अंगणात, ओंजळीत वरून सोडलेल्या दोन चकल्या. ‘तो इथं का नाही बसत?’ असे मी विचारणार, तोच वडिलांनी माझा गुडघा दाबला. “बाळ, परक्या घरी बोलू नये,” एवढेच ते नंतर म्हणाले. या शिकवणुकीत शहाणपण आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु परतीच्या वाटेवर तो गडी बैलांखेरीज कोणाशीही बोलला नाही, हेही मला आठवते.

राजदूत म्हणजे तरी काय, परक्या घरचा सरकारी पाहुणाच. त्याने यजमानाच्या चुली-चौकटीत लक्ष घालू नये, असा जगन्मान्य शिष्टाचार आहे. औंधच्या अप्पासाहेब पंतांची या शिष्टाचाराशी गाठ पडली, ती नैरोबीत.

त्यांचे वडील भवानराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचा हा राजा महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण त्याने 1939 साली गांधीजींच्या सल्ल्याने आपल्या संस्थानाचा कारभार रयतेच्या हाती दिला, हे मला अधिक मोठे वाटते. आमची गारगोटी कोल्हापूर संस्थानातली. डिसेंबर 1942 मध्ये येथील कचेरीवर चालून गेलेल्यांपैकी सात जण गोळ्यांना बळी पडले. सत्ता कोणी आपणहून सोडतो, हे आम्हां लोकांना सहज खरे वाटत नाही! ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन आलेले अप्पासाहेब औंधच्या त्या प्रयोगात वडिलांच्या बरोबरीने होते. पुढे ते संस्थानच्या मंत्रिमंडळातही बसले.

1948 मध्ये नेहरूंनी त्यांना पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त म्हणून धाडले. तेथे गोरे वर, आफ्रिकी खाली, आणि मधल्या पायरीवर आपले हिंदी दुकानदार. वरून अपमान सोसावा आणि तो खाली पोचवावा, ही मधल्या पायरीची जुनी रीत. अप्पासाहेबांचे रीतसर काम या हिंदी लोकांपुरते होते. त्यांनी मात्र आपल्या घरचे जेवणाचे टेबल आफ्रिकी पाहुण्यांना मोकळे केले, जोमो केन्याटांशी स्नेह जोडला, आफ्रिकी मुलांनी शिष्यवृत्त्या घेऊन भारतात शिकावे म्हणून खटपट केली. ऑक्टोबर 1952 मध्ये केनियात आणीबाणी आली, केन्याटा पकडले गेले. या आयुक्ताविरुद्ध इंग्रजांच्या तक्रारी दिल्लीस पोचल्या, आणि 1954 मध्ये त्यांनी नैरोबी सोडली. पुढे सिक्कीम, इंडोनेशिया, इजिप्त, लंडन. कारकीर्द काही थांबली नाही.

येथेच मला अडखळायला होते. पाहुणा निघून जातो. घरात राहणाऱ्यांना मागे राहावे लागते. नैरोबीच्या बाजारात दुकान मांडून बसलेल्या हिंदी माणसाला बदलीचा हुकूम येत नसतो. मी त्या दिवशी तोंड उघडले असते, तर त्याची किंमत मी मोजली नसती; आमच्या पाठीमागे त्या गड्याने मोजली असती. वडिलांनी गुडघा दाबला तो त्याच्यासाठी की स्वतःच्या संकोचासाठी, हे मी कधी विचारले नाही.

उलट, 1973 साली चिलीत लष्कराने सत्ता बळकावली तेव्हा स्वीडनचे राजदूत हाराल्ड एडेलस्टाम यांनी जिवाला भ्यालेल्या माणसांना वकिलातीत आसरा दिला. डिसेंबरात त्यांना देशाबाहेर काढण्यात आले. तेथे पाहुणा गप्प राहता तर त्या माणसांचे काय झाले असते?

अप्पासाहेबांचे मला विशेष वाटते ते असे की, यजमानाच्या पंक्तीला नावे ठेवण्याआधी त्यांनी स्वतःची पंगत बदलली. आपल्या घरात कोणाला कोठे बसवावे, याला तरी कोणाची परवानगी लागू नये. तीही तेथे लागत होती, हे त्या तक्रारींवरून दिसले.

पुढच्या दिवाळीला तोच गडी निरोप घेऊन आमच्या घरी आला होता. आम्ही त्याला कोठे बसवले, हे आठवण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. अंगणातच बसवले असावे; पाट मांडला असता, तर तो माझ्या लक्षात राहिला असता.