अदृश्याची जबानी

बेन आरोनोविच यांच्या 2011 साली प्रसिद्ध झालेल्या ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ या कादंबरीच्या प्रारंभी, कॉव्हेंट गार्डनमधील सेंट पॉल चर्चपाशी, कडाक्याच्या थंडीत खुनाच्या जागेचा बंदोबस्त करीत उभा असलेला पीटर ग्रँट हा तरुण शिपाई, समोर आलेला साक्षीदार भूत आहे असे ध्यानात आल्यावरही, पळून न जाता त्याची जबानी घेऊ लागतो. हे दृश्य मला मोलाचे वाटते. श्रद्धा-अश्रद्धेचा वाद येथे बाजूस पडतो आणि जे दिसले ते तपासून पाहण्याचे कर्तव्य तेवढे उरते.

असे कर्तव्य न पाळल्यास काय होते? 1692 साली अमेरिकेतील सेलमच्या न्यायासनाने, चेटकाच्या खटल्यांत, आरोपीची छाया येऊन आपणांस छळते हे फिर्यादींचे म्हणणे पुरावा म्हणून ग्राह्य धरले, आणि 19 माणसे फासावर गेली. जी छाया एकट्या फिर्यादीस दिसते तिची उलटतपासणी कोणी, कशी करावी? ब्रिटिश पार्लमेंटचा 1735 चा कायदा अधिक शहाणा, कारण चेटूक खरे न मानता, ते अंगी असल्याचा बहाणा करणाऱ्यास त्याने गुन्हेगार ठरविले.

पण सामर्थ्य खरेच अलौकिक असेल तर? तरीही इजा होते ती लौकिक देहालाच, आणि म्हणून त्या सामर्थ्यासही जाब विचारला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच कादंबरीत टेम्स नदीच्या वरच्या प्रवाहाचा वृद्ध अधिपती आणि लंडनमधील मामा टेम्स या देवतांचा तंटाही अखेर ओलिसांच्या अदलाबदलीने मिटतो. मामा टेम्सची कन्या बेव्हर्ली ब्रुक त्या करारापोटी वरच्या टेम्सकडे राहावयास जाते.