इन्शुलिनचा जागर

डॉक्टर म्हणाले, साखर वाढलीय. तेव्हापासून मी डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या वाटेनं चाललोय. दिवसाला दोनच जेवणं, प्रत्येक 55 मिनिटांच्या आत, गोड बंद. मधे तोंड हलवलं की इन्शुलिन जागं होतं म्हणे. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची.

एकट्यानं धरलेला कुठलाही नेम माझ्याच्यानं गुरुवार ओलांडत नाही (सोमवारी धरला तरी!). पण नांदेडच्या आमच्या गल्लीतल्या सात जणांनी मोबाइलवर गट केला आणि चार महिने झाले, टिकलोय. रोज रात्री हिशेब द्यायचा. आता हा संयम माझा, की शेजारच्या काकूंच्या धाकाचा? साखरेला तो फरक कळत नाही. ती मुकाट्यानं उतरली. मला मात्र कळतो.

परवा सातही जण माहूरगडावर गेलो. दुपारचे चार. रेणुकामातेचा प्रसाद म्हणजे कुटलेला तांबूल. सात तळहातांवर सात गोळ्या. नाही म्हणावं तर आईचा अपमान, खावा तर इन्शुलिनचा जागर! काकूंनी डोळे मिटले, जरा जास्तच वेळ. उघडले तेव्हा सगळ्यांचे तळहात रिकामे. त्यांचाही.

रात्री गटावर पहिला निरोप काकूंचाच : ‘मधे काही नाही.’ पाठोपाठ पाच अंगठे उमटले. सहावा माझा. जीभ अजून लालच होती.