मोजले तरच हरवलेले कळते



आजच्या शुभवर्तमानात (लूक १५) प्रभू येशू हरवलेल्या मेंढराचा दाखला सांगतो. शंभर मेंढरांपैकी एक हरवते. मेंढपाळ नव्व्याण्णव मागे ठेवून त्या एकाच्या शोधात निघतो आणि सापडताच त्याला खांद्यावर घेऊन आनंदाने घरी येतो. हा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मेंढपाळाची माया आणि त्याची पायपीट यांवर पुष्कळ प्रवचनेही ऐकली आहेत. एका साध्या गोष्टीकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. एक मेंढरू हरवले आहे हे त्याला कळले कसे? त्याने मोजले होते, म्हणून कळले. संध्याकाळी वाड्याच्या तोंडाशी उभे राहून तो एकेक मेंढरू आत घेत होता आणि मोजणी नव्व्याण्णववर थांबली. मोजले नसते तर वाडा भरलेलाच दिसला असता आणि तो निश्चिंत झोपी गेला असता.

आम्ही स्वतः असेच निश्चिंत झोपलो होतो, ते आज आपल्यापुढे कबूल करतो. पूर्वी ज्या धर्मग्रामात आम्ही सेवेला होतो, तेथे गावाच्या कडेला एक वस्ती होती. नगर-जालन्याकडून मजुरीसाठी आलेली ख्रिस्ती कुटुंबे तेथे राहत. दरवर्षी घर-आशीर्वादासाठी आम्ही तेथे जात असू. तिसऱ्या वर्षी एका घरी प्रार्थना झाल्यावर उन्हाने थकून आम्ही म्हणालो, "बाई, घोटभर चहा मिळेल का?" ती माउली दारातच थबकली. मग हळूच म्हणाली, "फादर, आमच्या हातचा चालंल का तुम्हाला?"

त्या क्षणी आम्हाला हिशेब लागला. गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरी आम्ही चहा घेतला होता. या वस्तीत मात्र तीन वर्षांत एकदाही नाही. त्यांनी संकोचाने विचारले नाही आणि आम्ही घाईने निघत राहिलो. आमच्या मनात काही नव्हते, असे आम्ही स्वतःला समजावू शकलो असतो. पण त्या बाईच्या आयुष्यात आमच्या घाईचा अर्थ आधीच ठरलेला होता. आमच्या कुटुंब-नोंदवहीत त्या घरातील प्रत्येकाचा स्नानसंस्कार, दृढीकरण आणि विवाह यांच्या तारखा नीट लिहिलेल्या होत्या. त्या बाईच्या मनातला प्रश्न कोणत्याच रकान्यात नव्हता.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अॅक्वायनस यांनी केलेली न्यायाची व्याख्या आम्ही पाठ केली होती. ज्याचे जे आहे ते त्याला देण्याची स्थिर इच्छा म्हणजे न्याय, असा तिचा आशय आहे. परीक्षेत आम्ही ती बिनचूक लिहिली. त्या चहाच्या दिवशी तिचा पुढचा भाग कळला. ज्याचे त्याला द्यायचे असेल तर कोणाचे काय राहून गेले आहे, हे आधी माहीत हवे. माहितीवाचून न्यायाची इच्छा आंधळी राहते. म्हणून दलित बांधवांच्या हक्कांच्या कामात अभ्यास आणि पाहणी ही केवळ विद्वानांची हौस नाही. न्यायाची ती पहिली पायरी आहे.

ही पायरी चुकली की काय होते, याचे एक उदाहरण आपल्या ख्रिस्ती समाजाच्याच इतिहासात आहे. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींविषयीचा आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदानुसार हिंदू धर्माव्यतिरिक्त अन्य धर्म मानणाऱ्यास अनुसूचित जातीचा मानता येत नव्हते. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती व मुस्लीम बाहेरच राहिले. त्यामुळे शिक्षण-नोकरीतील अनुसूचित जातींच्या राखीव जागा त्यांना मिळत नाहीत, आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही मिळत नाही. शिवी तीच आणि मार तोच असला तरी कायद्याच्या लेखी तो माणूस वेगळा ठरतो. आपल्यातल्या किती कुटुंबांनी यापायी दुहेरी आयुष्य काढले! शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि देवळाच्या नोंदवहीत दुसरा. आपल्या लेकराचा स्नानसंस्कार चोरून करावा लागणाऱ्या बापाला आपण खोटारडा म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे.

मद्रासमध्ये रस्त्याकडेला बसून काम करणाऱ्या चर्मकारांना सरकारने विनामूल्य टपऱ्या देण्याचे ठरवले. एकाला ती नाकारण्यात आली, कारण तो ख्रिस्ती होता. काम तेच, रस्ता तोच, जातही तीच. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८५ मध्ये निकाल त्याच्या विरुद्ध लागला. धर्मांतरानंतरही जात टिकून राहते, एवढे दाखवणे पुरेसे नाही. त्या जातीमुळे भोगावा लागणारा जाच नव्या धर्मसमाजातही तितकाच तीव्र आहे, हे सिद्ध व्हायला हवे, असे न्यायालयाने म्हटले. ख्रिस्ती समाजाच्या स्थितीचा अधिकृत आणि सविस्तर अभ्यास आपल्यापुढे ठेवलेलाच नाही, असेही न्यायालयाने नोंदवले.

बंधू-भगिनींनो, हे वाक्य आम्हाला झोपू देत नाही. आपल्याकडे शाळा होत्या, महाविद्यालये होती, उच्चशिक्षित धर्मगुरू आणि धर्मभगिनी होत्या. तरी त्या चर्मकाराच्या हातात ठेवायला हवा होता तो कागद न्यायालयापुढे आला नाही. कळप भरलेला दिसत होता, म्हणून कोणी मोजले नव्हते.

पुढे मोजणी सुरू झाली. २००४ मध्ये हा प्रश्न पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेला. २००७ मध्ये न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने तो तिसरा परिच्छेद वगळण्याची शिफारस केली. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगासाठी प्राध्यापक सतीश देशपांडे यांनी केलेला अभ्यास २००८ मध्ये आला. दलित ख्रिस्ती व दलित मुस्लीम यांना हा दर्जा नाकारण्यास उपलब्ध माहितीत सबळ आधार सापडत नाही, असे त्यात दिसून आले. २०२२ मध्ये केंद्र सरकारने न्यायालयात मिश्र आयोगाच्या अहवालावर आक्षेप घेतला. तो प्रत्यक्ष पाहणी न करता तयार झाला, असे सरकारचे म्हणणे होते. त्याच वर्षी न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला आणि २०२४ मध्ये त्याची मुदत वाढवण्यात आली. सदतीस वर्षांनंतरही आक्षेप तोच होता: घरोघरी जाऊन पाहिले का?

आपल्या मराठी मातीत ही वाट जुनी आहे. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले, तेव्हा कोणाची मुले शाळेत पोहोचतच नाहीत याकडे बोट दाखवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, तेव्हा तेही अभ्यास हाती घेऊनच उभे राहिले. शेजारच्या गुजरातमध्ये मार्टिन मकवान यांनी स्थापन केलेल्या 'नवसर्जन' संस्थेने १,५८९ गावांत अस्पृश्यतेची पाहणी केली आणि २०१० मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्या राज्यात दलितांसाठी वेगळ्या ठेवलेल्या कपाला 'रामपात्र' म्हणत. नाव केवढे गोड आणि व्यवहार केवढा कडू! अस्पृश्यता कधीच संपली, असे सांगणाऱ्याला वादाने गप्प करता येत नाही. गावे मोजलेली असली की त्याला उत्तर द्यावे लागते.

काही जण विचारतील, "फादर, हे सगळे सरकारचे आणि समाजाचे झाले. आपल्या ख्रिस्तसभेत जात कुठे आहे?" आपली श्रद्धा जात मानत नाही, हे खरे. संत पौलाने गलतीकरांना लिहिले तेच आपण मानतो: ख्रिस्तात सर्व एक आहेत. पण श्रद्धा काय शिकवते आणि आपण काय करतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तामिळनाडूत तिरुचिरापल्ली येथील एका कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या थडग्यांना वेगळे करणारी भिंत उभी केली गेली. मेलेल्यांनाही एकत्र पुनरुत्थानाची वाट पाहू दिली नाही! परमगुरुस्वामी संत योहान पॉल दुसरे यांनी २००३ मध्ये तामिळनाडूच्या बिशपांना बजावले, की ख्रिस्ती लोकांतील जातीय पूर्वग्रह हा खऱ्या मानवी ऐक्याच्या विरुद्ध जातो. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले. देशातील सुमारे १ कोटी ९० लाख कॅथलिकांपैकी १ कोटी २० लाख दलित आहेत, पण नेतृत्वात त्यांचे स्थान नगण्य आहे, ही कबुली त्यात आहे. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला २०२२ मध्ये पहिले दलित कार्डिनल झाले, तेव्हा आपल्याला आनंद झाला. त्या आनंदात एक प्रश्नही दडला होता: इतका उशीर का?

पापनिवेदनाला जाण्यापूर्वी आपण सदसद्विवेकबुद्धीची तपासणी करतो. आठवल्याशिवाय कबुली कशाची देणार? पाहणी ही समाजाने केलेली अशीच तपासणी आहे. ती टाळून मागितलेली क्षमा वरवरची राहते.

मोजून झाल्यावर मेंढपाळ थांबत नाही, तो निघतो. अहवाल कपाटात ठेवला तर नव्व्याण्णवचा आकडा वहीत राहतो आणि मेंढरू रानातच राहते. येथे पवित्र आत्म्याचे एक नाव आठवावे. संत योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू येशू त्याला 'कैवारी' म्हणतो. कैवार घेणे म्हणजे आरोपीच्या शेजारी जाऊन उभे राहणे. कैवारी दुसऱ्याचे तोंड बंद करून स्वतःच बोलत सुटत नाही. आपले दलित बांधव मुके नाहीत. ते पिढ्यान्‌पिढ्या बोलत आले आहेत, ऐकणारे कमी पडले. त्यांच्या शेजारी उभे राहून, "हे खरे बोलत आहेत, आम्ही पाहिले आहे," अशी साक्ष देणे हे आपले काम.

म्हणून या वर्षी आपल्या धर्मग्रामात तीन गोष्टी करू या. कुटुंब-भेटीच्या तक्त्यात काही प्रश्न वाढवू या: मुलाची शाळा का सुटली, कोणता दाखला मिळत नाही, देवळात वा समाजात कोठे कमीपणा वाटला? हे काम त्या कुटुंबांतील तरुण-तरुणींनीच पुढे होऊन करावे. कोणाचे नाव वा जात बाहेर जाणार नाही, याची जबाबदारी आमची. दुसरे, धर्मग्राम परिषदेने स्वतःचीच मोजणी करावी: गेल्या दहा वर्षांत वेदीवर वाचन कोणी केले, समित्यांवर कोण आले, पवित्र गुरुवारी पाय कोणाचे धुतले गेले? तिसरे, आपल्यातील शिक्षक, वकील आणि कार्यालयात काम करणाऱ्यांनी महिन्यातून एक रविवार मिस्सानंतर अर्ज आणि दाखल्यांच्या कामासाठी द्यावा. न्यायालय आणि आयोग काय ठरवतील ते त्यांच्या हाती. या तीन गोष्टी आपल्या हाती आहेत.

त्या माउलीने त्या दिवशी चहा केला आणि आम्ही दोन कप प्यालो. तिच्या प्रश्नाचे उत्तर मात्र दोन कपांत संपणारे नव्हते. ते उत्तर आम्ही अजून देत आहोत आणि त्यासाठी आपली सोबत मागत आहोत.

हे उत्तम मेंढपाळा, तू आम्हा प्रत्येकाला नावाने ओळखतोस. कोण मागे राहिले हे पाहण्याचे डोळे आम्हांला दे, त्यांच्या शेजारी उभे राहण्याचे धैर्य दे, आणि सर्व जण आत आल्याशिवाय आमच्या वाड्याचे दार लावू देऊ नकोस. आमेन.

आपले ख्रिस्तात,
धर्मगुरू