‘इकडील सर्व क्षेम’



आपल्या जुन्या पत्रांची सुरुवात ठरलेली असे : ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे.’ घरात कोणी आजारी असले, कर्ज झाले असले, तरी पहिली ओळ तीच. ही ओळ खरी आहे का, असे कोणी विचारीत नसे. पण हेच शब्द युद्धभूमीवरचा शिपाई आपल्या आईला लिहितो, तेव्हा प्रश्न अवघड होतो. आपल्या माणसाला काळजी वाटू नये म्हणून सत्य लपवणे, हे प्रेम आहे की असत्य?

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातील शिपायांना घरी पाठवण्यासाठी एक छापील कार्ड मिळत असे. मी बरा आहे, मी इस्पितळात दाखल झालो आहे, तुमचे पत्र पोहोचले, अशा अर्थाच्या ओळी त्यावर आधीच छापलेल्या असत. लागू नसतील त्या खोडायच्या आणि खाली सही व तारीख घालायची. स्वतःचे काही अधिक लिहिल्यास कार्ड नष्ट केले जाईल, अशी ताकीदही छापलेली होती. ‘मला भीती वाटते’ अशी ओळ त्या कार्डावर नव्हती.

आपले हिंदी सैनिक सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरले. पुढच्या काळात सव्वा लाखाहून अधिक हिंदी माणसे त्या आघाडीवर गेली. बहुतेकांना लिहिता येत नव्हते. लिहिणाऱ्या सोबत्याला ते मजकूर सांगत. गावी मास्तर किंवा टपालवाला ते पत्र मोठ्याने वाचून दाखवी. मधल्या वाटेवर, बुलोन येथील सेन्सॉरच्या कचेरीत, सरकारी अधिकारी पत्रे तपासत व निवडक पत्रांतील उतारे इंग्रजीत भाषांतरित करून अहवालात घालत. आज ते अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ पत्रांतील फार थोडी उरली. सैनिकांचे मन आपल्याला कळते ते मुख्यतः या पहारेकऱ्यांच्या वहीतून.

मराठी पलटणींचा मोठा वाटा मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, आघाडीवर होता. डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमारा येथे तुर्की सैन्याने वेढा घातला. आत १०३ व ११० या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने शरणागती पत्करावी लागली आणि कैदेच्या वाटेवर अनेक जण मरण पावले. सातारा, रत्नागिरीकडच्या घरांत त्या महिन्यांत ‘क्षेम’ हा शब्द किती वेळा आठवला गेला असेल! महाराष्ट्रातील अनेक गावांत आजही एक दगडी पाटी दिसते : या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतके कामी आले. पाटीवर आकडे आहेत; घरी काय कळवले व काय लपवले, ते नाही.

आता प्रश्नाकडे वळू. संत ऑगस्टीन यांनी इ. स. ३९५ च्या सुमारास असत्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कोणत्याही चांगल्या हेतूने बोललेले खोटे हे खोटेच, असे त्यांचे ठाम मत होते. संत थॉमस अक्वायनस यांनीही ते मान्य केले; मात्र दुसऱ्याच्या भल्यासाठी बोललेल्या खोट्याचा दोष त्यांनी हलका मानला, आणि सुज्ञपणे सत्य राखून ठेवणे व खोटे बोलणे यांत फरक केला. आईला खंदकातल्या चिखलाचे आणि प्रेतांचे वर्णन न करणारा मुलगा खोटे बोलत नाही. तो तिचा भार वाढवत नाही, इतकेच. तिने ते ऐकून करण्यासारखे काहीच नसते.

पण ऐकणाऱ्याला काही ठरवायचे असेल तर? जखमी होऊन इंग्लंडमधील इस्पितळांत पडलेल्या काही हिंदी सैनिकांनी गावाकडच्या भावांना कळवले की भरती होऊ नका. सेन्सॉर अशी पत्रे अडवी, म्हणून काहींनी सांकेतिक भाषा योजली. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, तांबडी मिरची म्हणजे गोरे शिपाई. कोणती किती वापरली जाते आहे, ते लिहायचे. धोका पत्करून त्यांनी हे का केले? धाकटा भाऊ भरतीच्या रांगेत उभा राहणार असेल, तर ‘सर्व क्षेम’ हे शब्द त्याला फसवतात. तिथे गप्प राहणे माया नव्हे. आपल्या शब्दावर विसंबून दुसरा माणूस पाऊल टाकणार असेल, तर त्याला सत्य कळलेच पाहिजे, असे आम्हांला वाटते.

लपवण्याची आणखी एक किंमत असते, आणि ती सावकाश वसूल होते. शिपाई घरचे दुःख वाढू नये म्हणून लपवतो. घरचेही बाप अंथरुणाला खिळल्याचे, बैल विकल्याचे त्याला कळवत नाहीत. दोघेही एकमेकांना जपतात. पण वर्षांनंतर तो परततो, तेव्हा उंबरठ्यावर जणू दोन अनोळखी माणसे भेटतात. म्हणून सर्वांना सर्व सांगण्याची गरज नसली, तरी निदान एकाला तरी खरे सांगता आले पाहिजे. भाऊ, पत्नी, मित्र, धर्मगुरू, कोणीही असो.

आणि इथे जबाबदारी केवळ बोलणाऱ्याची राहत नाही. आज आपल्या घरांतील कोणी सीमेवर आहे, कोणी जहाजावर, कोणी आखातात. आता पत्राची वाट पाहावी लागत नाही, मोबाईलवर चेहराही दिसतो. तरी आपण विचारतो, ‘कसा आहेस?’ तो म्हणतो, ‘बरा आहे,’ आणि आपण लगेच फोन दुसऱ्याच्या हाती देतो. छापील कार्डावर मोकळी जागा नव्हती, कारण सैन्याला ती नको होती. आपल्यावर तर तशी ताकीद कोणी घातलेली नाही.

या आठवड्यात दूरच्या आपल्या माणसाचा फोन आला, तर ‘बरा आहे’ या उत्तरानंतर थोडे थांबू या. ‘झोप लागते का? जेवण जाते का? तुझ्याजवळ बोलायला कोण आहे?’ असे विचारू या. तो सांगेल किंवा सांगणार नाही. पण सांगावेसे वाटले तर ऐकणारे कोणी आहे, एवढे तरी त्याला कळेल.