शिफारशीचे प्रामाण्य

सॉफ्टवेअर डेव्हलपर नेमताना व्यवसायातील ओळखीच्या माणसांकडे नावे विचारण्याची रीत, जिला पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत ‘रेफरल’ म्हणतात, वरवर पाहता केवळ सोयीची वाटते. परंतु एकाच्या शब्दावरून दुसऱ्याविषयी खरे ज्ञान होते काय, आणि होत असल्यास ते कोठपर्यंत पोहोचते, हा तिच्या मुळाशी असलेला प्रश्न भारतीय प्रमाणशास्त्राने, म्हणजे ज्ञानाची साधने पारखणाऱ्या शास्त्राने, फार पूर्वीच हाताळला आहे.

न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला शब्द हे चौथे प्रमाण मानते, आणि शब्द म्हणजे आप्ताचे वचन असे सांगते. येथे आप्त म्हणजे नातलग नव्हे. भाष्यकार वात्स्यायनाच्या मते ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त, मग तो ऋषी असो, आर्य असो वा म्लेंच्छ. या कसोटीवर ‘मुलगा हुशार आहे’ एवढे वचन टिकत नाही. सांगणाऱ्याने त्या मुलाचे काम पाहिले आहे, की दोघे एका गावचे वा एका कॉलेजचे आहेत इतकेच, हे विचारले गेले नाही तर शिफारशीचा वशिला होतो. शिवाय सुचवलेला उमेदवार रुजू झाला की अनेक कंपन्या सुचवणाऱ्याला बक्षीस देतात. यथार्थ सांगण्याच्या इच्छेत तेथे दुसरी इच्छा मिसळते.

शब्दावर माणसे नेमण्याची व्यवस्था ऊसतोड मजुरांच्या बीड जिल्ह्याला अपरिचित नाही. ऊसतोडीच्या हंगामाआधी मुकादम कोयते, म्हणजे बहुधा नवरा-बायकोच्या जोड्या, जमवतो, त्यांना उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, देतो आणि त्यांची टोळी कारखान्याच्या फडावर नेतो. कोणती जोडी किती ऊस तोडते हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते, आणि जोडी आलीच नाही किंवा मध्येच निघून गेली तर उचलीचा भार त्याच्यावर पडतो. ज्ञान आणि जबाबदारी या दोन्ही अंगांनी तो आप्ताच्या व्याख्येच्या बराच जवळ जातो. तरीही ही व्यवस्था न्याय्य नाही, कारण उचल फिटेपर्यंत जोडीला दुसरीकडे जाण्याची वाट राहत नाही आणि मुकादमाचा शब्द, खरा असला तरी, तिला बांधूनच ठेवतो. वचन प्रमाण असणे आणि व्यवहार न्याय्य असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे बीडच्या ऊसतोड मजुरांकडे पाहून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही ग्रंथावरून होत नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ च्या निबंधात असे मांडले की नोकरीची बातमी जिवलगांपेक्षा क्वचित भेटणाऱ्या परिचितांकडून अधिक येते, कारण जिवलगांचे जग बहुधा आपलेच जग असते. ऊसतोड कुटुंबातील मुलीच्या घरच्या ओळखी पाटोदा किंवा धारूर तालुक्यातून पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांपर्यंत लांब पसरलेल्या असतात. पुण्याजवळच्या हिंजवडीतील सॉफ्टवेअर कार्यालयांपर्यंत मात्र त्या सहसा पोहोचत नाहीत. बीड जिल्ह्यातल्याच अंबाजोगाईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ती पदवी घेऊन बाहेर पडली, तरी तिच्याविषयी बोलणारा कोणी त्या कार्यालयांत नसतो.

खरा दोष येथेच शिरतो. आप्तवचन एका उमेदवाराविषयी विश्वास ठेवण्याचा अधिकार देते, परंतु केवळ ओळखीतून भरती करणारा नकळत दुसराही निष्कर्ष काढतो, की ज्यांचे नाव कोणी घेतले नाही ते योग्य नसावेत. कुमारिल भट्टांचे मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, हे अभावाच्या ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानतात, पण त्याला एक अट घालतात: वस्तू असती तर ती आढळलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात घडा दिसला नाही तर घडा नाही असे म्हणता येते, अंधारात म्हणता येत नाही; आणि जेथे ओळखच नाही तेथे नाव न येणे हा अंधारच. अद्वैतविचार मराठीत आणणाऱ्या, परंपरेने शके १११० च्या मानलेल्या ‘विवेकसिंधू’चे कर्ते मुकुंदराज यांची समाधी अंबाजोगाईतच आहे, आणि त्याच गावच्या पदवीधरांच्या बाबतीत ही अट विसरली जावी, हे खेदाचे आहे.

म्हणून नेमणूक करणाऱ्याने नावे विचारणे सोडावे असे नव्हे. कोणाला विचारावे, हे मात्र त्याने वात्स्यायनाप्रमाणे ठरवावे. ज्या प्राध्यापकाने प्रकल्पातील चूक शोधताना विद्यार्थिनीला रात्रभर झटताना पाहिले, त्याचा शब्द तिला कधीही न भेटलेल्या वरिष्ठ व्यवस्थापकाच्या शब्दापेक्षा अधिक प्रमाण आहे, आणि तो मिळवण्यासाठी कंपनीला एकदा बीडला दूरध्वनी करावा लागतो.