ऐकणे

रायपूरचा सदर बाजार म्हणजे सोन्याचांदीच्या पेढ्यांचा बाजार. पत्नीच्या पैंजणाची तुटलेली कडी सांधून घेण्यासाठी मी एकदा तेथे गेलो होतो. बाहेर भोंग्यांचा कल्लोळ. आत एक वृद्ध कारागीर फुंकणीने ज्योत वळवीत बसला होता. डाख वितळण्याचा क्षण चुकला, तर चांदीच वितळते. म्हणून त्याची दृष्टी हलत नव्हती. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायात चांदी शुद्ध करणारा परमेश्वर 'बसतो' असे इब्री क्रियापद आहे. त्याचा अर्थ त्या दिवशी मला उमगला.

परंतु वाचकहो, ती कडी कशी तुटली हेही सांगितले पाहिजे. अनुवाद या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातील 'शेमा', म्हणजे 'ऐक', या शब्दावर मी काम करीत होतो. पत्नी दारात येऊन म्हणाली, "अहो, उजव्या डोळ्याला अंधूक दिसतंय." मी "हं" म्हणालो. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी उंबरठा न दिसल्यामुळे ती पडली. 'ऐक' या शब्दाचा अर्थ शोधणाऱ्याने ऐकले नव्हते!

हल्ली सजगतेचा पुष्कळ बोलबाला आहे. १९७९ साली अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी मानसिक ताण हलका करण्यासाठी तिचे वर्ग सुरू केले. तिचे मूळ बौद्ध परंपरेतील 'सति' या पाली शब्दात, म्हणजे आपल्या 'स्मृती'त आहे. विशेष हे की, देव मनुष्याची आठवण ठेवतो याचे आश्चर्य करणाऱ्या आठव्या स्तोत्रातही इब्री क्रियापद स्मरणाचेच आहे. सजग असणे म्हणजे न विसरणे, हे दोन्हीकडे दिसते.

मात्र केवळ एकाग्रता हा सद्गुण नव्हे. खिसेकापूही एकाग्र असतो. माझे चित्त त्या दिवशी भरकटले नव्हते. ते पवित्र शास्त्रातच गढले होते. म्हणून खरा प्रश्न निराळा आहे: माझ्या अवधानावर या क्षणी हक्क कोणाचा?

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात याजक, लेवी आणि शोमरोनी या तिघांसाठीही मूळ ग्रीकमध्ये 'पाहून' हे एकच रूप आहे. दृष्टी तिघांनाही होती. दोघे पाहून बाजूने निघून गेले. एकाला पाहून कळवळा आला. फरक नजरेत नव्हता, नजरेनंतरच्या पावलात होता. त्याच अध्यायात पुढे मार्था येते. तिच्यासाठी वापरलेल्या शब्दाचा भाव 'चोहोबाजूंनी ओढली गेलेली' असा आहे. दोष तिच्या कामाचा नव्हता. कामाच्या ओढीत समोरचा पाहुणा दिसेनासा झाला, हा होता. माझी ओढ एकाच बाजूची होती, तरी परिणाम तोच झाला.

मग रोजच्या जीवनात काय करावे? मला एक साधा नेम सापडला आहे. कोणी हाक मारली की लेखणी खाली ठेवावी, तोंडाकडे पाहावे आणि ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगावे. या तीन गोष्टींना फार तर मिनिटभर लागते. शब्द कागदावर थांबतात; माणसे नेहमीच थांबत नाहीत.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पत्नीला आता स्वच्छ दिसते. माझा नेम काही दिवशी मोडतो. तेव्हा स्वयंपाकघरातून पैंजण वाजते, आणि मी लेखणी खाली ठेवतो.